शेजाऱ्याला पटवा

‘समजलं का?’ असं विचारलं की बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा वर्ग एका सुरात ‘हो सर’ म्हणतो. त्या होकारातून शिक्षकाला काहीच कळत नाही. म्हणून हल्ली मी तो प्रश्न टाळतो आणि कार्डं वाटतो.

प्लिकर्स या ॲपचं कार्ड म्हणजे कागदावर छापलेली काळी चौकोनी नक्षी. प्रत्येकाची नक्षी निराळी आणि चार कडांना बारीक टायपात ए, बी, सी, डी. आपल्या उत्तराची कड वर येईल असं कार्ड धरायचं. मी मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कोणाचं उत्तर काय, ते माझ्या फोनवर उमटतं. मुलांकडे फोन नसला तरी अडत नाही. शेजाऱ्याचं बघून कार्ड फिरवणंही सोपं नाही.

मग फळ्यावर प्रश्न: चेंडू सरळ वर फेकला. सर्वांत उंच बिंदूला त्याचं त्वरण किती? निम्म्याहून अधिक कार्डं ‘शून्य’ म्हणतात. यांतल्या बहुतेकांना गतीची समीकरणं तोंडपाठ असतात. इथे बरोबर उत्तर सांगून टाकायचा मोह फार होतो. तो आवरायचा, निकालाचा आलेखही दाखवायचा नाही. कारण सगळ्यात उंच खांब दिसला की मुलं विचार सोडून त्याच्या मागे जातात. एवढंच सांगायचं, शेजाऱ्याचं उत्तर वेगळं असेल तर त्याला पटवा.

वर्गात कलकल सुरू होते. मी बाकांमधून फिरत ऐकतो.

“अरे, शून्य असतं तर चेंडू वरच लटकला असता ना!”

“पण थांबलाय ना तो?”

“थांबलाय म्हणजे वेग शून्य. पण वेग बदलतोय की नाही?”

इतकं नेमकं मला सांगता येत नाही. असं समजावणाऱ्या मुलीला ते नुकतंच उमगलेलं असतं, त्यामुळे गाठ कुठे बसते ते तिला माझ्याहून चांगलं ठाऊक असतं. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा कार्डं वर होतात, तेव्हा ‘शून्य’वाले बरेच कमी झालेले असतात.

हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांनी 1991 पासून ही रीत वर्गात रुजवली. गणितं सफाईने सोडवणारे त्यांचे विद्यार्थी साध्या संकल्पनेच्या प्रश्नांवर अडखळत होते, तिथून हे सुरू झालं. मुलं हुशार शेजाऱ्याचं उत्तर उचलतात, ही शंका सहकारी हमखास काढतात. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी ती तपासली. 2009 साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधानुसार, सुरुवातीला गटात कोणालाच उत्तर येत नसलं तरी चर्चेनंतर मुलांची समज वाढते.

खरा घाम प्रश्न बेतताना निघतो. चुकीचे पर्यायही मुलांच्या डोक्यातले हवेत. भरीला घातलेला पर्याय कोणी निवडत नाही. सगळ्यांचं बरोबर आलं तर प्रश्न सोपा, जवळजवळ सगळ्यांचं चुकलं तर चर्चेआधी मलाच पुन्हा शिकवायला हवं. आणि या कार्डांवर हजेरी किंवा गुण लावू नयेत, असं माझं ठाम मत आहे. गुणांची भीती शिरली की मुलं चुकायला धजत नाहीत.

शिक्षक मित्रांनो, ॲप नसेल तर चार रंगांच्या पुठ्ठ्यांवरही हे होतं. पुढच्या तासाला एकच प्रश्न घेऊन जा, आणि मुलं बोलत असताना आपण गप्प राहा.