डिझेल इंजिन एवढं किचकट का झालं?



"पूर्वी पाना-पकडीवर काम भागायचं, आता गाडीला कॉम्प्युटर लावावा लागतो," हे वाक्य पाथरीतल्या कोणत्याही गॅरेजवर ऐकू येईल. असं का झालं, हे मुलांना सोप्या भाषेत सांगता येतं.

डिझेलच्या धुरात दोन मुख्य घातक गोष्टी असतात: काजळीचे बारीक कण आणि नायट्रोजनचे ऑक्साइड. अडचण अशी, की इंजिनात ज्वलन जास्त तापमानाला झालं तर काजळी घटते, पण ऑक्साइड वाढतात. तापमान कमी केलं, की उलटं होतं. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनी दोन्ही एकदमच कमी करायला लावलं. डिझेल कारसाठी दर किलोमीटरला काजळीची मर्यादा २५ वरून ४.५ मिलिग्रॅम आणि ऑक्साइडची २५० वरून ८० मिलिग्रॅम झाली. एका युक्तीनं हे जमणं अवघड, म्हणून भाग वाढले.

१) कॉमन रेल : टायरमधल्या हवेच्या शेकडो पट दाबानं डिझेलचा बारीक फवारा मारते. फवारा कधी आणि किती, हे कॉम्प्युटर ठरवतो.

२) ईजीआर : थोडा धूर परत इंजिनात सोडून ज्वलनाचं तापमान उतरवतो.

३) डीपीएफ : काजळी अडवणारी गाळणी. साचलेली काजळी ती सुमारे ६०० अंश सेल्सिअसला जाळते. गाडी नुसती गावात जवळच्या जवळ फिरली, तर एवढी तापत नाही आणि गाळणी तुंबते.

४) एससीआर : मुख्यतः ट्रक-बसमध्ये. इथं ३२.५ टक्के युरियाचं द्रावण फवारतात. ऑक्साइडचं नायट्रोजन आणि वाफेत रूपांतर होतं.

युरिया म्हटलं, की आपल्याकडं खताची गोणी आठवते. पण ते खत यात कधीच विरघळवू नका! त्यावर निंबोळी तेलाचा लेप असतो, अशुद्ध घटकही असतात. यंत्रणा खराब होते.

"मग आमच्या ट्रॅक्टरला हे का नाही?" असं मूल विचारेलच. ट्रॅक्टरचे नियम वेगळे आहेत. १ जानेवारी २०२३ पासूनचे कडक नियम ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना आहेत.

वर्गात करून बघा : दोन पांढऱ्या कार्डांना व्हॅसलिन लावा. एक रस्त्याकडच्या खिडकीत, दुसरं शेताकडच्या बाजूला ठेवा. दोन दिवसांनी भिंगातून पाहा. सगळी धूळ काही डिझेलची नसते, हेही मुलांना सांगा.

पालकांनो, शाळेच्या गाडीत डीपीएफचा दिवा लागला, तर "गाळणीच काढून टाकू" हा सल्ला ऐकू नका. खर्च वाचेल, पण गाळणीत अडणारी काजळी गाडीमागून चालणाऱ्या लेकरांच्या छातीत जाईल.