राखणीचं कुत्रं आणि रानातली मेंढरं

सुगी संपली की खतासाठी आपण धनगराची मेंढरं रानात बसवतो, आणि पहिल्याच रात्री आपलंच कुत्रं त्यांच्या मागं लागतं! ‘खेळतंय’ म्हणून हसू नका. दात लागला नाही तरी नुसत्या पळापळीत गाभण मेंढी गाभडते, कोकरं चेंगरतात. शिवाय पुढचं जनावर पळालं की कुत्र्याला चेव येतो. एकदा चटक लागली की सुटणं कठीण.

म्हणून पिल्लू दोन महिन्यांचं असतानाच शेळ्यामेंढ्यांच्या गोठ्याशेजारी बांधा. तीन-चार महिन्यांनंतर ही ओळख अवघड जाते. गोठ्यात एखादी थोराड मेंढी असेल तर उत्तमच. पिल्लानं आगाऊपणा केला की ती टक्कर देते, आणि तो धडा आपल्या काठीपेक्षा लवकर उमगतो.

कळपाजवळ नेताना गळ्यात लांब दोर हवाच. कान टवकारून नजर रोखली की त्याच क्षणी हाक मारा, दोर ओढा. वळलं की भाकरीचा तुकडा द्या. पळून परत आलेल्याला मात्र मारू नका. परत आल्याबद्दलच मार बसला, असं ते समजतं.

मुरलेल्या थोर कुत्र्याचा भरवसा धरू नये. मेंढरं रानात आहेत तोवर रात्री ते साखळीलाच बरं.