तीर्थन खोऱ्यातील ट्राउट मासेमारी

तीर्थन ही हिमाचल प्रदेशाच्या कुल्लू जिल्ह्यातून वाहणारी बियास नदीची उपनदी आहे. तिच्या थंड, स्वच्छ व वेगवान पाण्यात ब्राउन ट्राउट आणि रेनबो ट्राउट या दोन जातींचे मासे आढळतात. गळाने मासे धरण्याच्या छंदासाठी हे खोरे भारतातील प्रसिद्ध ठिकाणांपैकी एक आहे. पावसाळा ओसरल्यानंतरचे सप्टेंबर व ऑक्टोबर हे दिवस या छंदासाठी विशेष अनुकूल मानले जातात. शांत परिसर, मध्यम उंची आणि काठालगतची निवासस्थाने यांमुळे निवृत्त जोडपीही येथे येतात. त्यांच्या सहलीचे नियोजन तरुणांच्या सहलीपेक्षा काही बाबतींत वेगळे असते.

नदी व परिसर

तीर्थनचा उगम ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या उंच भागात होतो. सुमारे ७५४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानाचा समावेश २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. उद्यानाबाहेर पडल्यावर नदी गुशैनी, नागनी, बंजार या गावांजवळून वाहते. गुशैनी येथे तिला फलाचन हा प्रवाह मिळतो. पुढे लारजीजवळ सैंज नदीसह ती बियासमध्ये विलीन होते. गुशैनीची उंची सुमारे १,६०० मीटर आहे. काठावर देवदार व अक्रोडाची झाडे, सफरचंदाच्या बागा आणि लाकूड व दगड यांची पारंपरिक घरे दिसतात. लारजीपर्यंत नदीच्या मुख्य प्रवाहावर मोठे धरण नाही, त्यामुळे तिचा प्रवाह बऱ्याच अंशी नैसर्गिक राहिला आहे.

ट्राउटचे आगमन

ट्राउट हा मूळचा भारतीय मासा नाही. ब्राउन ट्राउट (साल्मो ट्रुटा) मूळचा युरोपातील, तर रेनबो ट्राउट (ऑन्कोरिंकस मायकिस) उत्तर पॅसिफिक महासागरालगतच्या प्रदेशातील आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी गळमासेमारीच्या हौसेपायी ब्राउन ट्राउटची अंडी प्रथम काश्मीरमध्ये आणली. १८९९ सालचा पहिला प्रयत्न फसला; १९०० साली स्कॉटलंडहून आणलेली अंडी मात्र उबली. काश्मीरमधून हा मासा कुल्लूत आला व १९०९ साली कटराईंजवळ महिली येथे उबवणी केंद्र सुरू झाले. पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेच्या साहाय्याने पतलीकूहल येथे रेनबो ट्राउटच्या संवर्धनास चालना मिळाली.

दोन्ही जाती ओळखणे सोपे आहे. ब्राउन ट्राउटच्या तपकिरी अंगावर काळे व लाल ठिपके असतात आणि लाल ठिपक्यांभोवती बहुधा फिकट कडे असते. रेनबो ट्राउटच्या कुशीवरून गुलाबी पट्टा जातो. दोघांनाही थंड व प्राणवायूने समृद्ध पाणी लागते. या कारणाने सह्याद्रीतील नद्यांत ते आढळत नाहीत. महाराष्ट्रातील गोड्या पाण्यात गळ टाकणाऱ्यांना परिचित असलेले रोहू, कटला, महाशीर हे मासे कार्प कुळातील आहेत. हिमालयातील स्थानिक ‘स्नो ट्राउट’ (शिझोथोरॅक्स) हाही नावाने ट्राउट असला तरी कुळाने कार्पच आहे.

हंगाम

हिमाचल प्रदेशात ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर मासेमारीस बंदी असते. हा ट्राउटचा अंडी घालण्याचा काळ होय. मार्च ते ऑक्टोबर या खुल्या हंगामातही सर्व महिने सारखे नसतात. मे-जूनमध्ये बर्फ वितळून पाणी वाढते व गढूळ होते. जुलै-ऑगस्टमध्ये पूर, दरडी व रस्ते बंद होण्याचा धोका असतो. जुलै २०२३ मधील पुराने कुल्लू व मंडी जिल्ह्यांतील अनेक रस्ते आणि पूल वाहून नेले होते.

युरोपातील मासेमार ज्या दिवसांना उन्हाळ्याची अखेर म्हणतात, तेच दिवस कुल्लूत पावसाची उघडीप घेऊन येतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून पाणी उतरते, तळातील दगड दिसू लागतात आणि हिवाळ्यापूर्वी मासा भरपूर खातो. दुपार उबदार असते, परंतु सूर्य डोंगराआड जाताच गारवा झपाट्याने वाढतो. भाद्रपद-आश्विनातील हवेच्या महाराष्ट्रातील अनुभवावर विसंबून केवळ सुती कपडे नेल्यास संध्याकाळ त्रासदायक ठरते.

परवाना व नियम

राज्यातील मासेमारी हिमाचल प्रदेश मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९७६ व त्याखालील नियमांनुसार चालते. गळ टाकण्यासाठी राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना आवश्यक असतो. पती व पत्नी दोघेही गळ टाकणार असतील, तर दोघांचे परवाने स्वतंत्र घ्यावे लागतात. शुल्क, धरता येणाऱ्या माशांची संख्या आणि ठेवण्यायोग्य माशाची किमान लांबी वेळोवेळी बदलते. म्हणून परवाना घेतानाच या अटी वाचून घ्याव्यात. जाळे, विष किंवा स्फोटके वापरणे हा गुन्हा आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशासाठी वेगळी परवानगी लागते. मासेमारीचा परवाना म्हणजे उद्यानाचा प्रवेशपरवाना नव्हे.

साधने व पद्धती

येथे मुख्यतः दोन पद्धती वापरतात. पहिलीत रिळाच्या काठीला चकाकणारे फिरते धातूचे आमिष, म्हणजे स्पिनर, लावतात. ही पद्धत तासाभराच्या सरावाने जमते. दुसरी फ्लाय फिशिंगची. हिच्यात पिसे व धागे यांपासून बनवलेली हलकी कृत्रिम माशी वापरतात. माशीला स्वतःचे वजन जवळजवळ नसल्यामुळे ती जड दोराच्या झोताने पाण्यावर टाकावी लागते. हा झोत खांद्याच्या जोरापेक्षा मनगट व कोपराच्या लयीवर अवलंबून असतो. खांदा आखडण्याचा त्रास असलेल्यांनी हलकी व आखूड काठी घ्यावी आणि मध्ये मध्ये विश्रांती घ्यावी.

ट्राउट बहुधा प्रवाहाकडे तोंड करून, मोठ्या दगडाच्या आडोशाला उभा असतो. अशा जागी अन्न वाहत येते आणि त्याची शक्तीही कमी खर्च होते. म्हणून काठाने प्रवाहाच्या उलट दिशेने, सावली पाण्यावर पडू न देता पुढे सरकतात. सकाळचे पहिले काही तास व सूर्यास्तापूर्वीचा काळ या वेळा उत्तम असतात. दुपार विश्रांतीसाठी मोकळी राहत असल्याने हे वेळापत्रक ज्येष्ठांच्या दिनक्रमाशी चांगले जुळते.

ज्येष्ठ जोडप्यांसाठी नियोजन

प्रवास : खोऱ्यात रेल्वे नाही. महाराष्ट्रातून चंदीगडपर्यंत रेल्वेने किंवा विमानाने जाऊन पुढे मोटारीने औटमार्गे बंजारला पोहोचता येते. हा घाटरस्त्याचा पूर्ण दिवसाचा प्रवास आहे. वाटेत एक मुक्काम केल्यास पाठ व गुडघे यांवरील ताण कमी होतो. पोहोचल्यानंतरचा पहिला दिवस मासेमारीविना ठेवणे हिताचे असते.

मुक्काम : नदीपासूनचे अंतर विचारणे पुरेसे नसते, नदीपर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या किती, त्यांना कठडा आहे का, रस्त्यापासून घरापर्यंत मोटार येते का, हेही विचारावे. काही निवासस्थाने नदीच्या पलीकडच्या तीरावर असून तेथे सामान व माणसे तारेवरील पाळण्यातून नेली जातात.

आरोग्य : गुशैनीच्या उंचीवर विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही, मात्र जवळची जलोडी खिंड ३,००० मीटरपेक्षा उंच असल्याने हृदय वा फुप्फुसांचा विकार असणाऱ्यांनी तेथे जाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बंजार येथे शासकीय रुग्णालय आहे. अधिक सोयींसाठी कुल्लूला जावे लागते. नेहमीची औषधे मुक्कामाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर अधिकची न्यावीत, कारण दरड कोसळल्यास परतीचा रस्ता बंद राहू शकतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांच्या बाबतीत गळ लागून झालेली जखम अधिक वेळ वाहते. काट्याविना गळ वापरल्यास तो माणसाच्या बोटातून व माशाच्या तोंडातूनही सहज निघतो.

दोघांचा दिवस : जोडप्यांपैकी पुष्कळदा एकालाच गळाची आवड असते. दुसऱ्याने तासन्‌तास दगडावर बसून राहावे, अशी आखणी केल्यास सहलीचा आनंद एकाच्याच वाट्याला येतो. खोऱ्यात पक्षिनिरीक्षण, गावातील लाकडी मंदिरे पाहणे, बागांतून फिरणे, काठावर वाचन अशा सोयी आहेत. तथापि, गळ टाकणारी व्यक्ती नजरेच्या टप्प्यात असावी किंवा तिच्याबरोबर स्थानिक वाटाड्या असावा. पाण्याच्या आवाजात हाक ऐकू जात नाही आणि मोबाइलला सर्वत्र संपर्क मिळत नाही. त्यामुळे दोघांच्याही गळ्यात शिट्टी असणे व परतण्याची वेळ आधी ठरलेली असणे उपयुक्त ठरते.

पाण्याचा धोका

शेवाळलेल्या गोट्यांवरून घसरणे हा सर्वांत नेहमीचा अपघात होय. पाण्यात उतरण्याची गरज नसते. बऱ्याच जागी काठावरूनच गळ टाकता येतो. उतरायचेच असल्यास तळव्याला फेल्ट असलेले बूट, आधाराची काठी आणि तरंगजाकीट वापरावे व पाणी गुडघ्याच्या वर येऊ देऊ नये. थंड पाण्यात अचानक पडल्यास श्वास लागतो, नाडी व रक्तदाब एकदम वाढतो. उतारवयात हा धक्का पोहता येणाऱ्यालाही घातक ठरू शकतो.

वरच्या भागात पाऊस झाल्यास, येथे ऊन असतानाही, नदी अल्पावधीत वाढते. पाण्याचा रंग बदलणे, त्यात काटक्या व पाने वाहू लागणे, आवाज भरीव होणे ही तिची पूर्वसूचना असते. ती दिसताच साहित्य गोळा करीत न बसता काठ चढावा. धरणांखालच्या पात्रात धोका आणखी वेगळा असतो. ८ जून २०१४ रोजी लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात, खाली थलौटजवळ बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले. त्या वेळी पात्र उथळ व निर्धोक दिसत होते. म्हणून धरणाखालच्या पात्रात उतरू नये आणि इशाऱ्याच्या भोंग्यावर विसंबून राहू नये.

मासा सोडून देणे व नदीचे रक्षण

धरलेला मासा जिवंत सोडण्याची प्रथा छंदी मासेमारांमध्ये रूढ आहे. हात ओले करून मासा धरतात, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. गळ शक्यतो पाण्यातच काढतात व मासा स्वतः निसटेपर्यंत त्याला प्रवाहाकडे तोंड करून अलगद आधार देतात. खाण्यासाठी ट्राउट हवा असल्यास परिसरातील मत्स्यशेतीतून मिळणारा रेनबो ट्राउट घेता येतो. तुटलेला नायलॉनचा दोर काठावर टाकू नये. त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

ट्राउट परका मासा असल्याने तो स्थानिक माशांची पिल्ले खातो व त्यांच्याशी अन्नासाठी स्पर्धा करतो, असा अभ्यासकांचा आक्षेप आहे. दुसरीकडे, ट्राउटमुळे येणाऱ्या पर्यटकांवर खोऱ्यातील अनेक कुटुंबांची उपजीविका चालते आणि नदी निर्मळ राखण्यास आर्थिक आधार मिळतो. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प होऊ नयेत म्हणून स्थानिक रहिवाशांनी दिलेल्या लढ्यातही वाहत्या नदीचे हे मोल हा एक मुद्दा होता.