जॅझ आणि ब्लूज: समोर बसून ऐकण्याचे संगीत

जॅझ आणि ब्लूज हे मुळात मैफलीचे संगीत आहे. जॅझची पहिली तबकडी १९१७ साली निघाली. कृष्णवर्णीय गायिकेच्या आवाजातली ब्लूजची पहिली गाजलेली तबकडी मामी स्मिथ यांची, १९२० सालची. तेव्हापासूनचे शंभर वर्षांचे ध्वनिमुद्रण आज मोबाइलवर ऐकता येते. तरीही या संगीताचे खरे रूप रंगमंचासमोर बसल्यावरच कळते, कारण त्यातला मोठा भाग आधी लिहिलेला नसतो. वादक तो त्या क्षणी रचतात आणि रचताना एकमेकांचे व श्रोत्यांचे ऐकत असतात. तबकडीवर अशा एकाच संध्याकाळचा निकाल साठवलेला असतो. तो निकाल कसा लागत गेला, हे पाहायला आणि ऐकायला मैफलीलाच जावे लागते. ख्याल किंवा ठुमरी समोर बसून ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याला हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

दोहोंपैकी ब्लूज आधीचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या दक्षिण भागात, कापसाच्या शेतांत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या श्रमगीतांतून, शेतातल्या हाकांतून आणि चर्चमधल्या भजनांतून तो घडला. गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण कर्ज, वेठ आणि वंशभेद संपले नव्हते. ब्लूजची गाणी बहुतेक एका माणसाच्या तोंडची असतात: गेलेली नोकरी, सोडून गेलेले माणूस, तुरुंग, रेल्वेने दूर जाणे, पूर.

यातला पुराचा विषय कोकणातल्या महाडकरांना जवळचा आहे. १९२७ साली मिसिसिपी नदीला महापूर आला, बांध फुटले, लाखो लोक बेघर झाले. बांधांवर कृष्णवर्णीय मजुरांना सक्तीने राबवून घेण्यात आले. बेसी स्मिथ यांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे महापुराच्या थोडे आधी, पुरावरचे ‘बॅकवॉटर ब्लूज’ ध्वनिमुद्रित केले होते. लोकांनी ते या आपत्तीचेच गाणे मानले. १९२९ मध्ये चार्ली पॅटन यांनी त्याच महापुरावर गाणे केले, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांनीही केले. सावित्री आणि गांधारीचे पाणी जुलै २०२१ मध्ये महाडच्या बाजारपेठेत शिरले, त्याच पावसात तळिये गावावर दरड कोसळली. हे अनुभवलेल्या तालुक्यात, तुडीलसारख्या गावातल्या श्रोत्याला पुराचे ब्लूज समजायला इंग्रजी शब्द पुरते कळण्याचीही गरज नाही. अन्यायाची गोष्ट गाण्यातून गावोगावी नेण्याची रीतही इथे जुनी आहे. मिसिसिपीला पूर आला त्याच १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि पुढे आंबेडकरी जलशांनी त्या लढ्याचा विचार महाराष्ट्रभर गाऊन पोहोचवला.

ब्लूजची बांधणी साधी असते, म्हणून नव्या श्रोत्याने तिथूनच सुरुवात करावी. नेहमीचे आवर्तन बारा खंडांचे, प्रत्येक खंड चार मात्रांचा, अशा अठ्ठेचाळीस मात्रा. शब्दांच्या तीन ओळी असतात. पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर. प्रत्येक ओळीला चार खंड मिळतात. त्यांतले साधारण दोन खंड गायक भरतो आणि उरलेल्या दोनांत गिटार किंवा माउथऑर्गन त्याला जबाब देते. साथीचे स्वरसमूह तीनच: षड्जावर उभा असलेला, मध्यमावर उभा असलेला आणि पंचमावर उभा असलेला. पहिले चार खंड षड्जाचे असतात, पाचव्या खंडाला साथ मध्यमावर सरकते, नवव्याला पंचमावर जाते आणि शेवटी घरी परतते. दोन-तीन आवर्तने लक्ष देऊन ऐकली की पुढचा बदल कानाला आधीच जाणवू लागतो. गाण्याची धार मात्र स्वरांच्या मधल्या जागांत असते. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधला एक स्वर आणि कोमल निषादाच्या आसपासचा दुसरा, हे या संगीताचे खास स्वर. पियानोच्या पट्टीवर ते सापडत नाहीत. गायक ते गळ्यातून काढतो आणि गिटारवादक तार ओढून मींडेने गाठतो.

जॅझ विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्स शहरात आकाराला आले. ब्लूज, रॅगटाइम, मिरवणुकांतले ब्रास बँड आणि कॅरिबियन ताल यांचा त्यात मेळ झाला. छोट्या जॅझ संचात सहसा पियानो किंवा गिटार, डबल बास आणि ड्रम्स हे तालाचे अंग असते आणि त्यांच्यापुढे ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन. रचनेची मूळ धून आधी सगळे मिळून वाजवतात. मग एकेक वादक पुढे येऊन त्याच स्वरसमूहांच्या चौकटीत नवी धून रचतो. शेवटी सगळे मूळ धुनेवर परत येतात. चौकट बारा खंडांची असेल तर ते ब्लूजचेच आवर्तन. गाजलेल्या चित्रपटगीतांवर किंवा नाट्यगीतांवर आधारलेल्या रचनांत ती बहुधा बत्तीस खंडांची असते. एकल वादन चालू असताना मूळ धून मनातल्या मनात गुणगुणत राहिले, तर वादक कुठे पोहोचला आहे ते कळते. नवख्या श्रोत्यासाठी ही सर्वांत उपयोगी युक्ती.

मैफलीत पाहण्यासारखा भाग बहुधा शेवटाकडे येतो. वादक चार-चार खंड वाटून घेतात. सॅक्सोफोन चार खंड वाजवतो, ड्रमर पुढच्या चार खंडांत त्याला उत्तर देतो, मग ट्रम्पेट, पुन्हा ड्रम्स. महाड-पोलादपूर भागात शक्ती-तुऱ्याचे सामने ऐकलेल्यांना हा सवाल-जवाब ओळखीचा वाटेल. समोरच्याने टाकलेला मुद्दा उचलायचा आणि त्याच ठेक्यात त्याच्यावर मात करायची. १९३० च्या दशकात कॅन्सस सिटीतल्या वादकांच्या अशा चढाओढी पहाटेपर्यंत चालत.

महाराष्ट्रात हे संगीत समोरासमोर ऐकण्याची परंपरा नव्वद वर्षांची आहे. १९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय वादकांचा संच घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. स्वतःच्या देशात वंशभेद सोसणाऱ्या या कलावंतांना मुंबईत मानाची जागा मिळाली. श्रोते मात्र तिथे संस्थानिक, युरोपीय आणि धनिक असेच होते. सामान्य मुंबईकराला त्या दालनात प्रवेश नव्हता.

हे संगीत शहरात रुजवले ते गोव्याच्या वादकांनी. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. ती विद्या घेऊन तरुण मुंबईला येत आणि धोबी तलावच्या परिसरात गावागावाच्या ‘कूड’मध्ये, म्हणजे सामाईक निवासात, राहत. ॲबी आणि वेदरफर्ड यांच्याकडून त्यांनी जॅझची चाल उचलली. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले आणि लोक त्यांना मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतल्या वाद्यवृंदांचे उत्पन्न आटत गेले आणि अनेक वादकांनी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात जम बसवला. पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांनी त्यांच्या कलेचे सोने केले. भगवानदादांच्या ‘अलबेला’मध्ये (१९५१) चिक चॉकलेट आणि त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यमेळ बांधले. म्हणजे ज्या मराठी माणसाने जॅझच्या मैफलीत कधी पाऊल ठेवले नाही, त्याच्याही कानांत जॅझचा ट्रम्पेट रेडिओवरून पोहोचला होता.

शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी सरकारने आपले मोठे जॅझ कलावंत जगभर पाठवले आणि मुंबईला त्याचा लाभ झाला. १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेक आले आणि सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर त्यांनी वादन केले. १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन यांचा वाद्यवृंद आला. त्या दौऱ्याच्या अनुभवांतून त्यांची ‘फार ईस्ट स्वीट’ ही रचना तयार झाली. १९६४ मध्ये खुद्द लुई आर्मस्ट्राँग मुंबईत वाजवून गेले.

सामान्य श्रोत्यांसाठी खरे दार उघडले ते १९७८ साली. निरंजन झवेरी आणि त्यांच्या ‘जॅझ इंडिया’ संस्थेने धोबी तलावच्या रंगभवनात ‘जॅझ यात्रा’ हा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरवला. पहिल्याच यात्रेत सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स वाजवून गेले. उघड्यावरचे नाट्यगृह, तिकीट काढून येणारी तरुण मंडळी आणि देशोदेशीचे कलावंत यांमुळे जॅझ हॉटेलच्या नृत्यदालनातून बाहेर पडले. याच व्यासपीठावर लुई बँक्स, ब्राझ गोन्सालविस अशा भारतीय कलावंतांनी जॅझ आणि रागसंगीत एकत्र आणण्याचे प्रयोग केले. शेजारच्या रुग्णालयांमुळे आणि महाविद्यालयामुळे हा भाग पुढे शांतता क्षेत्रात धरला गेला आणि रंगभवनातले संगीत थांबले. मुंबईच्या श्रोत्यांचे त्यात मोठे नुकसान झाले. तशी मोकळी, सर्वांना परवडणारी जागा शहराला पुन्हा मिळालेली नाही.

आज या मैफली तीन प्रकारच्या जागांत होतात आणि जागेप्रमाणे ऐकणे बदलते. पहिली जागा सभागृहाची. नरिमन पॉइंटच्या ‘एनसीपीए’ या कलाकेंद्रात जॅझचे कार्यक्रम वर्षभर अधूनमधून होतात. तिथले टाटा थिएटर १९८० साली उघडले. वास्तुकार फिलिप जॉन्सन आणि ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांनी ते रंगमंचाचा आवाज नैसर्गिकपणे श्रोत्यांपर्यंत जावा अशा बेताने घडवले. ड्रमवरून फिरणाऱ्या तारांच्या ब्रशची सळसळ ऐकायची तर सभागृहच हवे.

दुसरी जागा महोत्सवाची. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ च्या फेब्रुवारीत ‘महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल’ सुरू झाला आणि शिकागो ब्लूजचे ज्येष्ठ गिटारवादक बडी गाय पहिल्याच वर्षी आले. नंतरही ते पुन्हा पुन्हा येत राहिले. शिलाँगच्या ‘सोलमेट’सारख्या भारतीय ब्लूज संचालाही याच मंचावर मोठा श्रोतृवर्ग मिळाला. इथे बहुतेक श्रोते उभे राहून ऐकतात, नाचतात, गायकाला ओरडून दाद देतात. ब्लूजच्या स्वभावाला ते साजेसे आहे.

तिसरी जागा क्लबची. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७ ते २०१६ या काळात ‘ब्लू फ्रॉग’ चालला. कोकणातून आलेल्या कामगारांनी जो गिरणगाव उभा केला, त्याच गिरणगावात देशीविदेशी जॅझ आणि ब्लूज वाजत होते. क्लबमध्ये वादक हाताच्या अंतरावर असतो, त्याच्या बोटांकडे पाहता येते. मात्र खाण्यापिण्याचा आणि बोलण्याचा आवाज तिथे गृहीत धरावा लागतो. गोव्यातही हिवाळ्याच्या हंगामात हॉटेलांत आणि छोट्या ठिकाणी स्थानिक वादकांना ऐकता येते. ३० एप्रिल हा युनेस्कोने आंतरराष्ट्रीय जॅझ दिन ठरवला आहे. २०१२ पासून तो पाळला जातो आणि त्या सुमारास मोठ्या शहरांत कार्यक्रम होतात.

मैफलीचे रीतिरिवाज थोडे आहेत. जॅझमध्ये रचना संपेपर्यंत थांबण्याची गरज नसते. एका वादकाचे एकल वादन संपले की लगेच टाळ्या देतात, पुढचा वादक तोवर सुरूही झालेला असतो. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मैफलीत मात्र रचनेच्या मध्ये टाळ्या वाजवत नाहीत, तिथली सवय इथे आणू नये. डबल बासचे एकल वादन हळू आवाजात असते, त्या वेळी बोलणे कटाक्षाने टाळावे. ठेका धरायचा तर चार मात्रांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी द्यावी. समेवर टाळी देण्याची सवय असलेल्या मराठी श्रोत्याचा हात पहिल्या मात्रेवर जातो आणि या संगीताची लय त्यामुळे जड होते. मोबाइलवर सलग चित्रण केल्याने मागच्यांना अडसर होतो. महोत्सवात ध्वनिक्षेपकाच्या अगदी समोर तासन्‌तास उभे राहिल्यास कानांना इजा होऊ शकते. थोडे मागे, ध्वनिनियंत्रकाच्या टेबलाजवळ उभे राहावे. तिथेच आवाज सर्वांत समतोल ऐकू येतो.

महाड-पोलादपूरहून जाणाऱ्यांसाठी मुंबई सुमारे १७० ते २०० किलोमीटरवर आहे. महाडला जवळचे कोकण रेल्वेचे स्थानक वीर, पण तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत. मुंबई-गोवा महामार्गावर एसटी आणि खासगी गाड्या असतात. उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवायला साधारणपणे रात्री दहापर्यंतच परवानगी असते, त्यामुळे उघड्यावरचे महोत्सव दुपारी किंवा संध्याकाळी लवकर सुरू होतात. क्लबमधले कार्यक्रम उशिरापर्यंत चालतात. म्हणून मुक्कामाची सोय आधी करून मगच तिकीट काढावे. मोठे महोत्सव बहुतेक नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येतात. जाण्याआधी आठवडाभर त्या कलावंताच्या चार-पाच रचना ऐकून त्यांच्या मूळ धुना पाठ कराव्यात. मग मैफलीत वादक त्या धुनेपासून किती दूर गेला आणि कोणत्या वाटेने परतला, हे ऐकणाऱ्याला स्वतःच्या कानांनी उमगते.