शुश्रूषेचा मूळ अर्थ

'शुश्रूषा' हा शब्द आपल्या घरांतून सेवा या अर्थी रूढ आहे. परंतु 'श्रु' म्हणजे ऐकणे, या धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो सिद्ध झालेला आहे. मुळात शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद मानिले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या ठिकाणी उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग व शुचिता हे गुण असावेत अशी तिची अपेक्षा आहे. पैकी ज्ञान व दक्षता शिकविता येतात, शुचिता सवयीने अंगवळणी पडते. प्रश्न उरतो तो अनुरागाचा. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे धावणाऱ्या परिचारिकेने परक्या माणसाविषयी अनुराग आणावा तरी कोठून?

ममता हा स्त्रीजातीचा स्वभावच, असे उत्तर पुष्कळ जण देतात. वरकरणी गौरवाच्या वाटणाऱ्या या समजुतीनेच या व्यवसायाचे फार नुकसान केले, असे आमचे मत आहे. जे उपजत आहे त्यास शिक्षण कशाला, आणि वेतन तरी कशाला! वस्तुतः रोग्याचे मन ओळखणे ही अभ्यासाने साध्य होणारी विद्या होय. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी आपल्या 'नोट्स ऑन नर्सिंग' (१८५९) या पुस्तकात गोंगाटावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे, आणि दुसरे एक प्रकरण रोग्यास पोकळ धीर देणाऱ्यांवर. समाचारास येणारी आपली मंडळी "काही नाही, चार दिवसांत हिंडू लागाल" असे म्हणून चहा घेऊन जातात. रोग्यास जे सांगावयाचे असते ते त्याच्या मनातच राहते.

रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यास सेवासदन स्थापन झाले आणि तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. त्या काळच्या पांढरपेशा घरांचा विसंगत न्याय पाहण्यासारखा आहे. घरातील अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे सर्व काही विधवा सुनेने मुकाट्याने करावे, यात कोणास काही वावगे वाटत नसे. तेच काम तिने शिकून, वेतन घेऊन, परक्या जातीच्या रोग्यासाठी केले की मात्र कुळाची अब्रू जाई.

अनुराग किती काळ टिकू शकतो, याचे उदाहरण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात घडले. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातीलच एका नोकराने अत्याचार केला. मेंदूस इजा होऊन त्यांची वाचा व जाण हरपली. पुढे १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना भरविले, न्हाऊ घातले, कुशीवर वळविले. १९७३ नंतर जन्मलेल्या मुलीही परिचारिका होऊन या कामात सामील झाल्या. इतक्या वर्षांत अरुणाबाईंच्या अंगावर शय्याव्रण झाले नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली गेली. ज्यांनी अंथरुणावरच्या माणसाचे केले आहे, त्यांस या एका वाक्याचे मोल सांगावयास नको.

तथापि येथेच नीतीचा अवघड प्रश्न उभा राहतो. अरुणाबाईंवर पुस्तक लिहिणाऱ्या पिंकी विराणी यांनी त्यांचे कृत्रिम पोषण थांबवावे अशी याचिका केली. परिचारिकांनी तीस विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली आणि अरुणाबाईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार विराणींचा नसून रुग्णालयाच्या सेवकवर्गाचा आहे, असे ठरविले. त्याच निकालाने उपचार थांबविण्याची वाट मात्र, उच्च न्यायालयाच्या संमतीने, मोकळी केली. परिचारिकांच्या निष्ठेपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण सेवा करणाऱ्याची इच्छा आणि सेवा घेणाऱ्याची इच्छा एकच असेल, हे निष्ठेवरून सिद्ध होत नाही. जिला बोलताच येत नाही तिचे ऐकावे कसे? विराणींनाही ते ऐकू आले होते, असे आम्ही म्हणणार नाही.

९ मार्च २०१८ च्या निकालाने, शुद्धीवर असतानाच आपली इच्छा लिहून ठेवण्याचा हक्क न्यायालयाने प्रौढ व्यक्तीस दिला. त्यातील जाचक अटी २०२३ च्या जानेवारीत सैल झाल्या. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केलेला कागद आता पुरतो.