तुरुतुरु, तरातरा आणि ट्रज

सहावीतली भाची सुट्टीला नेरुळला आली ती इंग्रजीची वही बगलेत मारूनच. गृहपाठ चालण्याच्या शब्दांचा होता: स्ट्रोल, ट्रज, वॉडल, टिपटो. प्रत्येकासमोर मातृभाषेतला शब्द लिहायचा. तिने आजीला, म्हणजे माझ्या आईला गाठलं.

‘आजी, वॉडल म्हणजे?’

‘बदकासारखं डुलत डुलत चालणं.’

‘आणि ट्रज?’

‘दमूनभागून पाय ओढत चालणं.’

‘टिपटो?’

‘चवड्यांवर, पाय न वाजवता.’

भाची वैतागली. ‘अगं, एकच शब्द सांग ना! वहीत जागा एवढीशीच आहे.’

आई गप्प झाली, आणि मला वाटतं उगाचच ओशाळली. खोट मराठीत नव्हती. वहीतली ती रेघच इंग्रजीच्या मापाने आखलेली होती.

हालचाल सांगताना दोन गोष्टी सांगायच्या असतात: कुठे गेला आणि कसा गेला. क्रियापदाच्या खुर्चीत यातलं कोण बसतं, यावरून लेनर्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये भाषांचे गट पाडले. इंग्रजी खुर्ची ‘कसा’ला देते आणि ‘कुठे’ची बोळवण इन, आउट, अप अशा चिटुकल्या शब्दांवर करते. स्पॅनिश, जपानी आणि आपली मराठी यांचा रिवाज उलटा. शिरणे, निघणे, चढणे, उतरणे, ओलांडणे, परतणे ही आपली रोजची क्रियापदं. त्यांत दिशा आहे, पायांची तऱ्हा नाही. ती शेजारी येऊन बसते: धावत शिरला, लंगडत उतरला, रमतगमत परतला.

पण शेजारी बसली म्हणून ती गरीब ठरत नाही. सकाळी ज्वेल ऑफ नवी मुंबई या उद्यानातल्या तळ्याकाठी बाकावर बसलं, की हे शब्द एकामागून एक समोरून जातात. नुकतं पाऊल फुटलेलं मूल दुडूदुडू, त्याच्यामागे लगबगीने त्याची आई. डॉक्टरांनी तंबी दिलेले गृहस्थ झपझप आणि त्यांच्या चार पावलं पुढे, बहुधा घरून भांडून निघालेल्या बाई तरातरा. दोघांचा वेग घड्याळ लावून मोजला तर सारखाच निघेल. तरातरामध्ये जास्तीचा आहे तो राग. तुरुतुरु तर आणखी चोखंदळ. त्याला पावलंच लहान लागतात. सहा फुटी माणूस कितीही घाईत असो, तुरुतुरु चालणं त्याच्या नशिबात नाही.

असे नादावर उभे असलेले जोडशब्द संस्कृतोद्भव आणि द्राविडी भाषांनी एकमेकींच्या शेजारात राहून वाढवले. मरे एमेनो यांनी १९६९ मध्ये हे भारतीय भाषांचं सामाईक लक्षण म्हणून मांडलं. गंमत म्हणजे यातले कित्येक शब्द वाजतच नाहीत. दुडूदुडू चालणाऱ्या मुलाच्या पायांतून ‘दुडू’ असा आवाज कुठे येतो? तरी आपल्याला ती चाल त्या अक्षरांत दिसते.

आणि एका शब्दात सांगायचीच हौस असेल, तर रांगणे, लंगडणे, खुरडणे, घुटमळणे, रेंगाळणे, उंडारणे आहेतच. इंग्रजीत बाळही क्रॉल करतं आणि किडाही. आपल्याकडे बाळ रांगतं, किडा वळवळतो.

मग भाषांमध्ये समान काहीच नाही? आहे. बार्बरा माल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रेडमिलवरच्या एका व्यक्तीचं, वेग आणि चढ बदलत, चित्रीकरण केलं आणि ते इंग्रजी, डच, स्पॅनिश व जपानी बोलणाऱ्यांना दाखवलं. २००८ मध्ये निष्कर्ष आले. बारीक छटांची वाटणी भाषेगणिक वेगळी होती, पण चालणं आणि धावणं यांच्यामधली रेघ चारही भाषांनी पाळली. ती रेघ शरीरानेच आखलेली आहे. चालताना आपण टेकलेल्या ताठ पायावरून उलट्या लंबकासारखे पुढे झुकतो, एक तरी पाऊल जमिनीवर असतं. सेकंदाला साधारण दोन मीटर, म्हणजे ताशी सातेक किलोमीटरच्या आसपास हे अवघड होऊ लागतं. मग पाय स्प्रिंगसारखा वागतो आणि मधला एक क्षण दोन्ही पावलं हवेत असतात. मराठी इथेही स्वतःची एक पुरवणी जोडते. संकटात कुणी धावून येतं, कुणी पळून जातं. पाय दोघांचे सारखेच उचलले जातात.

बर्कलीच्या डॅन स्लोबिन यांनी वेगळीच वाट धरली. मर्सर मेयर यांचं १९६९ चं हरवलेल्या बेडकाचं चित्रपुस्तक, ज्यात एकही शब्द नाही, निरनिराळ्या भाषकांकडून गोष्टीसारखं सांगून घेतलं गेलं. त्यात झाडाच्या ढोलीतून घुबड बाहेर येतं. इंग्रजी बोलणारे पुष्कळदा ते ‘कसं’ आलं हेही सांगून जातात. स्पॅनिश बोलणाऱ्यांचं घुबड नुसतंच निघतं. स्लोबिन यांचं म्हणणं असं, की इंग्रजीत चाल क्रियापदाबरोबर फुकट मिळते, दुसऱ्या गटात तिच्यासाठी वेगळा शब्द खर्चावा लागतो. मला यात आपला फायदाच दिसतो. ‘काकू आल्या’ ऐकून घरात कुणी मान वर करत नाही. ‘काकू तरातरा आल्या’ म्हटलं की सगळे सावरून बसतात.

संध्याकाळी भाचीला खाडीकडे नेलं. ओहोटी होती. कांदळवनाच्या कडेला चिखलावर निवट्या दिसत होत्या, पाण्याबाहेर हिंडणारे ते मासे. ‘बघ कशी टुणटुण उड्या मारतेय,’ आई म्हणाली. भाची उकिडवी बसून बराच वेळ बघत राहिली.

‘उड्या नाही गं आजी. पुढचे दोन्ही पर एकदम टेकवते आणि अंग ओढून घेते. कुबड्या घेतल्यासारखी चालतेय.’

निवटीच्या या चालीला प्राणिशास्त्रज्ञ इंग्रजीत क्रचिंग म्हणतात. क्रच म्हणजे कुबडी.