समुद्र सगळीकडे सारखा का वाढत नाही?

बादलीत पाणी ओतलं की पातळी सगळीकडे सारखी वाढते. समुद्राचं तसं नाही, आणि त्यामागचं विज्ञान मला विलक्षण सुंदर वाटतं!

📍 क्वार्केन : स्वीडन आणि फिनलंडच्या मधल्या या भागात समुद्र चक्क मागे हटतोय. हिमयुगात इथे जवळपास 3 किलोमीटर जाडीचा बर्फ होता. त्या भाराने दबलेली जमीन हजारो वर्षांनंतरही वर येतेय, वर्षाला साधारण 8 ते 9 मिलिमीटर. जुनी बंदरं उथळ होतात, पाण्यातून नवी बेटं डोकं काढतात. 2006 मध्ये हा द्वीपसमूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

📍 ग्रीनलंड : इथला बर्फ एवढा प्रचंड आहे की त्याचं गुरुत्वाकर्षण आसपासचं पाणी स्वतःकडे ओढून धरतं. बर्फ वितळला की ही ओढ सैल होते. मग ग्रीनलंडजवळ पातळी उतरते आणि दूर दक्षिण गोलार्धात सरासरीपेक्षा जास्त चढते!

📍 जकार्ता : भूजलाच्या बेसुमार उपशामुळे जमीनच खचतेय. समुद्र चढतोय, शहर उतरतंय, दुहेरी संकट.

📍 पॅसिफिक : व्यापारी वारे जोरात वाहिले की पाणी पश्चिमेला, फिलिपाईन्सच्या बाजूला लोटलं जातं. शिवाय गरम पाणी प्रसरण पावून जास्त जागा व्यापतं.

म्हणूनच प्रत्येक किनाऱ्यावरची मोजणी मोलाची. मुंबईच्या अपोलो बंदरावरच्या नोंदी तर 1878 पासूनच्या आहेत!

‘समुद्र किती वाढणार?’ असं विचारताना ‘कुठे?’ हेही नक्की विचारा. 🌊